विंडोजवर फोर्क नाही, मग पोस्टग्रेस चालतो कसा?

मागे एक ईमेल फिरत असे. विंडोजमध्ये 'सी-ओ-एन' नावाचा फोल्डर कुणालाच बनवता येत नाही, बिल गेट्सनाही कारण सांगता आलं नाही आणि हा शोध एका भारतीयाने लावला! फोल्डर बनत नाही एवढं खरं, बाकी सगळी थाप. विंडोजच्या आधीची सिस्टिम म्हणजे डॉस, आणि १९८१ च्या डॉसमध्ये फोल्डर नव्हतेच. कॉन म्हणजे कन्सोल, म्हणजे कीबोर्ड आणि पडदा, आणि ते नाव त्याच्यासाठी राखीव होतं. १९८३ मध्ये फोल्डर आले तेव्हा जुने प्रोग्राम बंद पडू नयेत म्हणून अशी नावं प्रत्येक फोल्डरमध्ये राखीव राहिली. त्यातलंच एक 'ए-यू-एक्स'. लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, कोडमध्ये या नावाची फाइल आहे, त्यामुळे तो कोड विंडोजवर उतरवून घ्यायला गेलात की गिट हे कोड सांभाळणारं साधन अडतं.

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर वाढलेला प्रोग्राम विंडोजवर न्यायला, म्हणजे पोर्ट करायला, अशा ठेचा पावलोपावली लागतात. सी भाषा दोन्हीकडे तीच, कंपायलरही आहेत. अडतं ते लिहिणाऱ्याने न बोलता गृहीत धरलेल्या गोष्टींपाशी.

पोस्टग्रेस हा डेटाबेस घ्या. बर्कलीच्या विद्यापीठात १९८६ मध्ये सुरू झालेला, पक्का युनिक्सवाला. विंडोजवर तो बरीच वर्षं सिगविनच्या आधाराने चालायचा. सिगविन हा मधला थर प्रोग्रामला आपण युनिक्सवरच आहोत असं भासवतो. जानेवारी २००५ मध्ये ८.० आवृत्ती आली आणि तो पहिल्यांदा अशा थराशिवाय, थेट विंडोजवर चालू लागला.

त्याची रचना अशी की एक मुख्य प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, दारात बसलेली असते. कुणी जोडणी मागितली की ती स्वतःची हुबेहूब नक्कल काढते आणि पुढचं काम नकलेवर सोपवते. हेच फोर्क. गंमत म्हणजे मेमरीची नक्कल लगेच होतच नाही. दोघी मेमरीची तीच पानं, म्हणजे तेच तुकडे, वापरतात, जिने ज्या पानात बदल केला तेवढंच वेगळं काढलं जातं. त्यामुळे फोर्क स्वस्त पडतो, आणि आईला ठाऊक असलेलं सगळं लेकीला जन्मतःच ठाऊक असतं.

विंडोजमध्ये प्रोग्रामरच्या हाती असा फोर्क नाही. नवी प्रोसेस म्हणजे प्रोग्राम पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू. म्हणून सेटिंग, उघडी जोडणी, सामायिक मेमरीचा पत्ता, सगळ्याची शिदोरी बांधून सोबत द्यावी लागते. यातला पत्ता फार छळतो. सामायिक मेमरी प्रत्येक प्रोसेसमध्ये त्याच पत्त्यावर हवी, कारण तिच्या आत पत्तेच साठवलेले असतात. पण सुरक्षेसाठी विंडोज मेमरीतल्या जागा वाटेल तशा बदलतं. कधी नेमक्या त्याच पत्त्यावर आधीच दुसरं काही येऊन बसतं आणि जोडणी फसते. उपाय असा निघाला की प्रोसेस जन्मताच गोठवायची, तिच्या मेमरीतली ती जागा बाहेरून अडवायची आणि मग तिला चालू करायचं. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात ना, अगदी तसं!

फाइलींचंही निराळंच. युनिक्सवर उघडी फाइल खुशाल पुसता येते. नाव जातं, मजकूर शेवटचा वापरणारा बंद करेपर्यंत टिकतो. विंडोजवर उघडणाऱ्याने आधी तशी मुभा दिली असेल तरच ते जमतं. पोस्टग्रेस स्वतः मुभा देतो, पण मध्येच अँटिव्हायरस फाइल धरून बसला तर? तर फाइलचं नाव बदलणारा कोड सेकंदाचा दहावा भाग थांबतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. असं शंभर वेळा, म्हणजे दहा सेकंद. यात विज्ञान कमी आणि चिकाटी जास्त, पण मला हा कोड मनापासून आवडतो.

आता आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट. युनिक्सच्या लेखी फाइलचं नाव म्हणजे नुसती बाइटची माळ. आज ती बहुधा यूटीएफ-८ या अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याच्या पद्धतीत असते आणि त्यात 'म' तीन बाइटचा. १९९३ मध्ये आलेल्या विंडोज एनटीने युनिकोड, म्हणजे अनेक लिपींचा एकच सामायिक तक्ता, १६ बिटी रूपात धरला, तिथे तोच 'म' दोन बाइटचा. शिवाय विंडोजमध्ये फाइल उघडण्याचे दोन रस्ते आहेत, एक युनिकोडचा आणि दुसरा जुन्या कोडपेजचा, म्हणजे ठरावीक लिपीपुरत्या अक्षरांच्या तक्त्याचा. पोर्ट केलेला प्रोग्राम सवयीने जुन्या रस्त्याने जातो, आणि सिस्टिमचं कोडपेज म्हणून निवडता येईल असा देवनागरीचा तक्ता विंडोजमध्ये नव्हताच. त्यामुळे 'मराठी' नावाच्या फाइलचं नाव अशा प्रोग्रामला दिसतं '?????'. पाच प्रश्नचिन्हं, कारण काना आणि वेलांटी वेगळी मोजली जाते. त्यात विंडोजवर फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालतच नाही, म्हणजे ती फाइल समोर दिसत असूनही उघडणार नाही.

२०१९ पासून विंडोज १० मध्ये प्रोग्रामला सोबतच्या मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे त्याच्या माहितीपत्रकात, 'माझं कोडपेज यूटीएफ-८' असं जाहीर करता येतं. तेवढं केलं की सी भाषेतला तोच जुना कोड, एक ओळही न बदलता, 'मराठी' नावाची फाइल उघडतो.