क्वीन स्ट्रीट मनोरुग्णालय परिसर, टोराँटो : पुनर्विकास

कॅनडातील टोराँटो शहराच्या पश्चिम भागात क्वीन स्ट्रीटवर असलेल्या जुन्या मनोरुग्णालयाच्या सुमारे २७ एकर आवाराची, रुग्णालय तिथेच ठेवून केलेली टप्प्याटप्प्याची पुनर्रचना. हे आवार व्यसन व मानसिक आरोग्य केंद्राच्या मालकीचे आहे. शहरातील मोक्याची जमीन मोकळी करण्यासाठी मनोरुग्णालय गावाबाहेर हलवण्याचा प्रघात अनेक देशांत दिसतो. येथे उलट मार्ग धरला गेला. शहराचे रस्तेच आवाराच्या आत आणण्यात आले.

संस्थेच्या आरंभाचे वर्ष सर्वत्र एकच दिलेले आढळत नाही. अप्पर कॅनडा (आजच्या ऑंटारिओचा दक्षिण भाग) प्रांतात वेड्यांचे इस्पितळ बांधण्यास मान्यता देणारा कायदा १८३९ मध्ये झाला. १८४१ पासून शहरातील जुन्या तुरुंगाच्या इमारतीत रुग्णांची तात्पुरती सोय होती. ऑगस्ट १८४६ मध्ये सध्याच्या जागी कोनशिला बसली आणि २६ जानेवारी १८५० रोजी रुग्णालय उघडले. तुरुंगातील वर्षे संस्थेच्या इतिहासात धरावीत की नाही, यावर आरंभवर्ष ठरते. प्रस्तुत नोंदीचा विषय जागा हा असल्याने येथे १८५० हे वर्ष ग्राह्य धरले आहे. जमीन मूळची लष्करी राखीव क्षेत्रातील, सुमारे ५० एकर होती. वास्तुशिल्पी जॉन जॉर्ज हॉवर्ड यांनी मध्यभागी घुमट असलेली भव्य इमारत उभारली. पाण्याची टाकी या घुमटातच बसवली होती. सांडपाण्याची सोय मात्र सदोष होती. १८५३ मध्ये अधीक्षक झालेल्या डॉ. जोसेफ वर्कमन यांना इमारतीची गटारे मुख्य नाल्याला जोडलेलीच नसल्याचे व घाण तळघराखाली साचत असल्याचे आढळले, असे नमूद आहे. १८६६–७० च्या सुमारास किव्हस टली यांच्या आराखड्यानुसार दोन बाजूंना पंख जोडले गेले.

आवाराच्या भिंती हा या परिसराच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. दक्षिणेकडील भिंत सामान्यतः १८६० ची मानली जाते. पूर्व व पश्चिमेकडील भिंती १८८८–८९ च्या असून, काही जमीन विकल्यानंतर आवार आक्रसले तेव्हा त्या नव्या हद्दीवर बांधल्या गेल्या. या विटकामात रुग्णांचे श्रम होते आणि त्यांना मजुरी मिळाली नाही. पुरुष बांधकाम व शेतीवर, तर स्त्रिया धुणे, शिवण व स्वयंपाकघरात राबत. तत्कालीन अधीक्षकांनी या कामाला उपचाराचा भाग मानले. त्यात काही तथ्य असेलही. नियमित कामाने काही रुग्णांना बरे वाटत असावे. तथापि यॉर्क विद्यापीठातील इतिहासकार जेफ्री रेओम यांनी १८७० ते १९४० या काळातील रुग्णांच्या नोंदी तपासून हे विनामोबदला श्रम असल्याचे व संस्थेचा खर्च त्यावर भागत असल्याचे मांडले आहे. हे मत अधिक पटणारे आहे, कारण उपचार संपले म्हणून काम थांबले असे दिसत नाही आणि भिंत तर राबणाऱ्यांनाच कोंडणारी होती.

क्वीन स्ट्रीटवरील ९९९ हा क्रमांक टोराँटोत वेडाचा पर्याय म्हणून हेटाळणीने वापरला जाई. पुढे पत्ताच बदलून १००१ करण्यात आला. १९७० च्या दशकात आवारात नव्या इमारती झाल्या आणि वारसाप्रेमींचा विरोध असूनही हॉवर्ड यांची इमारत १९७५–७६ मध्ये पाडली गेली. कलंक पुसावा हा त्यामागील एक हेतू होता. वास्तू गेली, कलंक राहिला. याच सुमारास रुग्णालयातून बाहेर पाठवलेले अनेक जण जवळच्या पार्कडेल भागातील स्वस्त भाड्याच्या खोल्यांत राहू लागले.

१९९८ मध्ये चार संस्थांच्या विलीनीकरणातून सध्याचे केंद्र स्थापन झाले. त्यानंतर आखलेल्या बृहत्‌आराखड्याचे सूत्र ‘नागरी खेडे’ असे होते : अखंड आवाराचे लहान भूखंड पाडायचे, भोवतालच्या रस्त्यांची जाळी आत वाढवायची आणि रुग्णालयाच्या इमारतींमध्ये दुकाने, घरे व बागा मिसळू द्यायच्या. २००८ मध्ये पहिल्या चार कमी उंचीच्या इमारती, २०१२ मध्ये आणखी तीन आणि २०२० मध्ये क्वीन स्ट्रीटवर दोन मोठ्या इमारती पूर्ण झाल्या. या शेवटच्या दोहोंत मिळून २३५ खाटा आहेत. तातडीची मानसोपचार सेवा त्यांपैकी एकीत आहे. नव्या रस्त्यांपैकी एकाला वर्कमन यांचे, तर दुसऱ्याला परिसरातील पांढऱ्या खारींवरून नाव मिळाले. रुग्णांच्या विनामोबदला श्रमांतून उभी राहिलेली दक्षिणेकडील भिंत याच वर्कमन यांच्या कारकिर्दीतील आहे, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे.

आवार खुले करायचे तर भिंतींचे काय, हा प्रश्न साहजिकच निघाला. भिंती बंदिवासाची खूण आहेत म्हणून त्या नकोशा वाटणारे काही जण होते. मानसिक उपचार भोगून बाहेर आलेल्यांच्या चळवळीने मात्र भिंती रुग्णांनी घडवलेल्या आहेत म्हणून त्या जपण्याचा आग्रह धरला. भिंतींना वारसा संरक्षण मिळाले, तेथे मार्गदर्शित फेऱ्या सुरू झाल्या आणि २०१० मध्ये रुग्णश्रमांची नोंद करणारे फलक बसले. बांधणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावे मात्र फलकांवर नाहीत.

आसपासच्या वस्तीवर पुनर्विकासाचा परिणाम किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. क्वीन स्ट्रीटचा हा पट्टा कलादालने, उपाहारगृहे व उंच निवासी इमारतींमुळे आधीच महागू लागला होता. माजी रुग्णांना परवडणाऱ्या खोल्या पार्कडेलमध्ये कमी होत गेल्या. २०२० नंतरच्या टप्प्यात संशोधन केंद्राची इमारत हाती घेण्यात आली आहे.