दोन बॉक्स लागत नाहीत हो!

बॅटरी चार्ज करायला एक सर्किट आणि तीच बॅटरी वापरायला दुसरं, एकातच दोन्ही केलं की एफिशियन्सी मार खाते, हे मी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांच्या काउंटरवर कॉलेजपासून ऐकतोय. तसं काही नसतं.

साधा बक कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज उतरवणारं सर्किट घ्या: वर एक मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच), खाली एक डायोड (करंट एकाच दिशेने सोडणारा) आणि एक कॉइल. २४ व्होल्टवरून १२ च्या बॅटरीत २० अँपिअर. खालच्या डायोडवर ०.६ व्होल्ट पडतात, तो अर्धा वेळ चालू, म्हणजे ६ वॅट नुसती उष्णता. त्याजागी ५ मिलीओहमचा मॉस्फेट लावा, तोच लॉस १ वॅटवर येतो, आणि गंमत म्हणजे आता तेच सर्किट उलटं बूस्ट (व्होल्टेज चढवणारं) म्हणून चालतं, बॅटरीतून २४ कडे! कॉइल तीच, मॉस्फेट तेच. म्हणजे एफिशियन्सी वाढवायला जे केलं त्यातूनच दुतर्फापणा फुकट मिळाला.

खरी डोकेदुखी डेड-टाइमची, म्हणजे एक मॉस्फेट बंद करून दुसरा चालू करेपर्यंतच्या मोकळ्या वेळेची. कमी ठेवला तर दोन्ही मॉस्फेट एकदम ऑन होऊन फाट्कन उडतात (माझे चार गेलेत), जास्त ठेवला तर मॉस्फेटच्या आत मुळातच असलेला बॉडी डायोड चालू राहतो आणि वाचवलेले वॅट परत गेले. आणि हो, २४ ची लाइन गेली की बॅटरी वरच्या बॉडी डायोडमधून गुपचूप उलटी वाहते, तिथे वेगळा कट-ऑफ स्विच हवाच.

एवढं करूनही पटत नसेल तर आपली लोकल बघा, ब्रेक मारताना वीज वर तारेत परत पाठवते, त्यासाठी काय दुसरा डबा जोडतात का?