रॉबिन्सन, एडी

(१३ फेब्रुवारी १९१९ – ३ एप्रिल २००७). अमेरिकन फुटबॉलमधील थोर महाविद्यालयीन प्रशिक्षक. लुईझियाना राज्यातील ग्रॅम्ब्लिंग या एकाच संस्थेत त्यांनी १९४१ ते १९९७ अशी सारी कारकीर्द घालवली. ४०८ विजय, १६५ पराभव आणि १५ अनिर्णित सामने हा त्यांचा हिशेब. पण तो कोणत्या परिस्थितीत उभा राहिला हे पाहिल्याशिवाय या माणसाचे मोठेपण कळत नाही.

जन्म लुईझियानातील जॅक्सन गावी. वडील बटाईने शेती करत, आई घरकाम करे. लेलँड महाविद्यालयातून शिक्षण घेतल्यावर ते बॅटन रूजमधील पशुखाद्याच्या गिरणीत ताशी २५ सेंटवर राबत होते. ग्रॅम्ब्लिंग ही तेव्हा कृष्णवर्णीयांसाठीची लहानशी शिक्षणसंस्था होती. तिचे अध्यक्ष राल्फ वाल्डो इमर्सन जोन्स यांनी २२ वर्षांच्या रॉबिन्सनना प्रशिक्षक नेमले. पगारी मदतनीस नव्हता. मैदानावरचे गवत कापायचे, चुन्याच्या रेषा आखायच्या, जखमी घोटे बांधायचे, सामन्याची बातमी लिहून वर्तमानपत्रांना धाडायची, हे सगळे तेच करत. वर्णभेदाच्या त्या काळात वाटेवरच्या खाणावळींत कृष्णवर्णीय खेळाडूंना बसू देत नसत, म्हणून प्रवासाची सँडविचेही बरोबर बांधून न्यावी लागत.

पहिल्या हंगामात तीन विजय आणि पाच पराभव पदरी पडले. दुसऱ्या वर्षी, १९४२ साली, मात्र संघाने नऊच्या नऊ सामने जिंकले आणि प्रतिस्पर्ध्यांना अख्ख्या हंगामात एकही गुण मिळू दिला नाही. पुढची दोन वर्षे महायुद्धामुळे महाविद्यालयाचा संघच उभा राहिला नाही, तेव्हा त्यांनी गावच्या शाळेचा संघ घडवला. कापसाच्या वेचणीसाठी संघातल्या दोन मुलांना त्यांच्या वडिलांनी घरी ठेवून घेतले, तेव्हा रॉबिन्सन सगळा संघ घेऊन त्या शेतात उतरले, कापूस वेचून दिला आणि मुलांना परत आणले, अशी हकिकत सांगतात. सकाळी वसतिगृहात गाईच्या गळ्यातली घंटा वाजवत ते फिरत. मुले उठून वर्गात जावीत, यासाठी ही घंटा. खेळाइतकीच त्यांना पदवीची काळजी होती.

त्यांचे दोनशेहून अधिक खेळाडू व्यावसायिक संघांत गेले. १९४९ मध्ये पॉल ‘टँक’ यंगर लॉस अँजेलिस रॅम्सकडे गेला. कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयातून राष्ट्रीय व्यावसायिक लीगमध्ये खेळलेला तो पहिला खेळाडू. क्वार्टरबॅक म्हणजे मैदानावर चाली चालवणारा आणि चेंडू फेकणारा खेळाडू. कृष्णवर्णीयांना ही जागा झेपणार नाही, असे मत तिकडे वर्षानुवर्षे पक्के होते. जानेवारी १९८८ मध्ये रॉबिन्सन यांचा शिष्य डग विल्यम्स याने वॉशिंग्टनच्या संघाला सुपर बोलमध्ये, म्हणजे या लीगच्या अंतिम सामन्यात, ४२–१० असा विजय मिळवून दिला आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. माझ्या मते या कारकिर्दीतली सर्वांत मोलाची नोंद हीच आहे.

५ ऑक्टोबर १९८५ रोजी डॅलस येथे प्रेअरी व्ह्यू विद्यापीठाच्या संघाला हरवून रॉबिन्सन यांनी ३२४ वा विजय मिळवला आणि अलाबामा विद्यापीठाचे विख्यात प्रशिक्षक ‘बेअर’ ब्रायंट यांना विजयांच्या संख्येत मागे टाकले. चारशेवा विजय १९९५ चा. अखेरचे काही हंगाम पराभवांचे गेले. १९९७ अखेर ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी डग विल्यम्स आला. उत्तरायुष्यात त्यांना अल्झायमरने ग्रासले. ग्रॅम्ब्लिंगजवळच्या रस्टन येथे त्यांचे निधन झाले.