मीठ, फॉस्फेट आणि पपई : तापणाऱ्या मांसातील प्रथिनांच्या अभ्यासाची पार्श्वभूमी

मांसात सुमारे 75 टक्के पाणी आणि 20 टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात. मटण निबर झाले किंवा कोंबडी सुकी पडली, अशी तक्रार आपण करतो तेव्हा मुळात या दोहोंची ताटातूट झालेली असते. साधारण 50 अंश सेल्सिअसच्या पुढे मायोसिन हे स्नायूंतील मुख्य प्रथिन उलगडू लागते, 60 ते 65 अंशांच्या सुमारास स्नायूंभोवतीचे कोलॅजेन हे चिवट प्रथिन आकसते आणि 70 अंशांच्या आसपास ॲक्टिन हे स्नायूंतील दुसरे प्रथिनही टिकाव धरत नाही. या प्रत्येक टप्प्यावर तंतू आवळले जातात व त्यांच्यामधले पाणी बाहेर पडते. उष्णतेचा हा परिणाम टाळता येत नाही. मीठ, आंबट, पपई, फॉस्फेट यांसारखे पदार्थ फक्त एवढेच ठरवतात की तंतू कोणत्या तापमानाला आणि किती घट्ट आवळले जातील, आणि आवळताना पाणी धरून ठेवतील की सोडून देतील. मांस खारवणारे आणि मुरवणारे लोक हे पदार्थ शतकानुशतके वापरत आले आहेत. त्यामागचे कारण शोधण्याचे काम मात्र जेमतेम पावणेदोनशे वर्षांचे आहे.

या कामाची सुरुवात एका चुकीच्या, पण अतिशय चिवट कल्पनेने झाली. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग याने 1847 मध्ये असे प्रतिपादन केले की मांस एकदम कडक आचेवर किंवा उकळत्या पाण्यात टाकले, तर पृष्ठभागावरील प्रथिने गोठून त्यांचे कवच तयार होते आणि आतला रस आतच राहतो. मिठाबद्दल त्याचे मत फारसे चांगले नव्हते, कारण खारवताना पोषक द्रव्ये खाऱ्या पाण्यात उतरून वाया जातात, असे त्याचे म्हणणे होते. विसाव्या शतकात शिजण्यापूर्वीचे आणि शिजल्यानंतरचे वजन करून पाहिल्यावर कवचाची कल्पना निकालात निघाली, तरी ‘आधी मोठ्या आचेवर परता, म्हणजे रस बंद होतो’ हा सल्ला आजही निःशंकपणे दिला जातो. परतल्याने खमंगपणा येतो हे खरे, पण ती प्रथिने आणि शर्करा यांच्यातील वेगळीच अभिक्रिया आहे. लुई-कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 मध्ये तिचे वर्णन केले.

मिठाकडे नव्या नजरेने पाहण्यास मदत करणारे निरीक्षण स्वयंपाकाशी संबंध नसलेल्या एका प्रयोगशाळेतून आले. विल्हेल्म क्यूने हा शरीरशास्त्रज्ञ बेडकाच्या स्नायूंवर काम करत होता. स्नायूंतून मिळणारे एक प्रथिन साध्या पाण्यात विरघळत नाही, पण मिठाच्या द्रावणात विरघळते, असे त्याला आढळले आणि 1864 मध्ये त्याने त्या प्रथिनाला मायोसिन हे नाव दिले. प्रत्यक्षात ते एकच प्रथिन नव्हते. त्यात दुसरेही प्रथिन मिसळलेले आहे, हे हंगेरीतील सेगेद येथे आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांच्या प्रयोगशाळेत श्ट्राउब यांनी 1942 मध्ये दाखवले, तेच ॲक्टिन.

क्यूनेने पाहिलेली गोष्ट कोणत्याही स्वयंपाकघरात पाहता येते. सीग कबाबासाठी खिमा नुसताच मळला तर तो सुटसुटीत राहतो आणि सळईवरून गळून पडतो. त्यातच मीठ घालून तो थंड असताना पाच-सात मिनिटे मळला, तर तो हाताला चिकटू लागतो आणि ओढला की त्याला तार सुटते. ही तार म्हणजे मिठाने तंतूंतून सोडवून आणलेले मायोसिन होय. आचेवर हेच मायोसिन उलगडून एकमेकांत गुंतते आणि त्याचे जाळे पाण्याला व चरबीला धरून ठेवते. मिठामुळे मायोसिन थोड्या कमी तापमानालाच उलगडते. म्हणजे मीठ प्रथिनाला उष्णतेपासून वाचवते असे नसून, उलगडल्यानंतर त्याने गोळा होण्याऐवजी जाळे विणावे, अशी पूर्वतयारी करून ठेवते. उलगडणे म्हणजे रेणूचा आकार मोडणे, त्याचे तुकडे होणे नव्हे, हा विचारही बराच उशिरा, पेकिंगमध्ये काम करणारे चिनी जीवरसायनशास्त्रज्ञ वू शिएन यांनी 1931 मध्ये स्पष्टपणे मांडला.

फॉस्फेटची कथा जर्मन खाटकांपासून सुरू होते. जनावर कापल्यावर काही तासांतच, मांस ऊबदार असताना, सॉसेजचे मिश्रण केले तर ते पाणी छान धरते, आणि तेच मांस दुसऱ्या दिवशी वापरले तर धरत नाही, हे त्यांना ठाऊक होते. ताज्या मांसात एटीपी हा फॉस्फेटयुक्त रेणू शिल्लक असतो आणि तो असेपर्यंत मायोसिन व ॲक्टिन एकमेकांना जखडत नाहीत. तो संपला की स्नायू ताठरतो. मग थंड मांसात बाहेरून पायरोफॉस्फेट किंवा ट्रायपॉलिफॉस्फेट हे फॉस्फेटचे क्षार घालून तोच परिणाम साधता येतो, हे कळल्यावर मांस-उद्योगाचे वेळापत्रकच बदलले. जर्मनीतील कुल्मबाख येथील मांस-संशोधक राइनर हाम यांनी या सर्व गोष्टींना पाण्याच्या हिशेबात आणले. मांसाचा सामू (आम्लता मोजणारा pH) सुमारे 5 असताना प्रथिनांवरील धन आणि ऋण भार एकमेकांना फेडतात, तंतू जवळ येतात आणि पाणी सर्वांत कमी धरले जाते. तिथून कोणत्याही बाजूला सरकले की धारणशक्ती वाढते, हे त्यांनी दाखवले. 1960 मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा विस्तृत आढावा पुढच्या संशोधकांसाठी पाया ठरला.

तरीही मिठाने तंतू नेमके का फुगतात, याचे चित्र अस्पष्टच होते. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळच्या लँगफर्ड येथील मांस संशोधन संस्थेत जेराल्ड ऑफर आणि जॉन ट्रिनिक यांनी अगदी सरळ प्रयोग केला : स्नायूंतील सूक्ष्म तंतुके वेगळी केली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि त्यांवरून मिठाचे द्रावण वाहू दिले. द्रावण पुरेसे तीव्र झाले की तंतुके डोळ्यांदेखत फुगत, त्यांचे आकारमान दुपटीच्या वर जाई. त्यात थोडे पायरोफॉस्फेट असेल, तर तेवढ्याच फुगण्याला साधारण निम्मे मीठ पुरे होई. 1983 मध्ये त्यांनी मांडलेले स्पष्टीकरण असे की मिठातील क्लोराइड आयन तंतूंना चिकटतात, त्यांच्यावरचा ऋण भार वाढतो, ते एकमेकांना दूर ढकलतात आणि मधल्या जागेत पाणी शिरते. हजारो वर्षे वापरात असलेल्या मिठाचा खुलासा माणूस चंद्रावर जाऊन आल्यावर व्हावा, यात मला थोडी गंमत वाटते.

रंगाची बाजू वेगळी आहे. शिजल्यावर मांस करडे होते, पण सोरा (पोटॅशियम नायट्रेट) घालून खारवलेले हॅम, म्हणजे डुकराची मांडी, गुलाबीच राहते. 1891 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ एडुआर्ड पोलेन्स्के यांना जुन्या सोऱ्याच्या खाऱ्या पाण्यात नायट्राइट सापडले, म्हणजे जिवाणू सोऱ्याचे रूपांतर करत होते. 1901 मध्ये ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी दाखवले की नायट्राइटपासून मिळणारा नायट्रिक ऑक्साइड रक्तरंगद्रव्यातील लोहाला चिकटतो आणि उष्णतेने प्रथिन मोडले तरी ती जोडी तुटत नाही. गुलाबी रंग तिचाच. पुढे अमेरिकेने 1925 मध्ये नायट्राइटच्या थेट वापराला परवानगी दिली. जर्मनीने विषबाधेच्या घटनांनंतर 1934 च्या कायद्याने नायट्राइट फक्त मिठात आधीच मिसळलेल्या, अत्यल्प प्रमाणात विकण्याची अट घातली.

आंबट आणि पपई यांची गत निराळी. दही, लिंबू किंवा गोव्यातील व्हिनेगर यांनी मांसाचा सामू हाम यांच्या त्या नीचांकाच्या खाली उतरला तरच तंतू फुगतात. आंबट अपुरे पडले तर उलट मांस नीचांकाशीच अडकते आणि अधिक कोरडे होते. शिवाय हा परिणाम तुकड्याच्या वरच्या थरापुरताच पोचतो. चिनी स्वयंपाकातील खाण्याच्या सोड्याची चिमूट नेमकी उलट दिशेने, सामू वाढवून, हेच साधते. कच्ची पपई मात्र भारांशी खेळत नाही, प्रथिनांची साखळीच कापते. मूळ अमेरिकेतले हे फळ पोर्तुगीज काळात भारतात आले आणि कबाबांच्या वाटणात सहज सामावले. त्यातील विकराला (एन्झाइमला) 1879 मध्ये पॅरिसमध्ये वुर्ट्झ आणि बुशू यांनी पपेन म्हटले. पपेनचे काम थंड वाटणात मंद चालते आणि 60 ते 70 अंशांना जोमात येते, म्हणून पपईचा बहुतेक परिणाम मुरवताना नव्हे तर शिजताना होतो. हळूहळू तापणाऱ्या पातेल्यात जास्त पपई पडली की मटणाचा लगदा होतो, त्याचे कारण हेच.

माशांच्या बाबतीत या ज्ञानाचा सर्वांत मोठा उपयोग जपानमध्ये झाला. तिथे माशाचे मांस धुऊन, मीठ घालून घोटतात व वाफवून कामाबोको नावाच्या वड्या करतात. घोटलेले मांस कोमट तापमानाला ठेवले तर जाळे घट्ट विणले जाते. 60 अंशांच्या आसपास रेंगाळले तर माशातीलच विकरे ते तोडतात. म्हणून तो पट्टा झटकन ओलांडायचा असतो. अडचण अशी होती की गोठवल्यावर प्रथिने बिघडत आणि मग मीठ घालूनही जाळे होत नसे. 1960 च्या सुमारास होक्काइदोतील मत्स्य संशोधकांना आढळले की धुतलेल्या मांसात साखर मिसळून गोठवल्यास प्रथिने शाबूत राहतात. त्यामुळे सुरिमी, म्हणजे असे धुतलेले माशाचे मांस, समुद्रापारचा माल झाला. आज रत्नागिरीतील कारखान्यांतही राणी माशासारख्या मासळीचे मांस धुऊन, त्यात साखर आणि थोडे फॉस्फेट मिसळून, त्याच्या गोठवलेल्या लाद्या परदेशी पाठवल्या जातात. मीठ मात्र तिथे घालत नाहीत, ते लादी वितळवून घोटणारा कारखानदार घालतो.