गर्भपात, औषधी (बेळगाव सीमाभाग)

गर्भधारणेच्या पहिल्या नऊ आठवड्यांत, शस्त्रक्रियेवाचून, केवळ औषधांनी घडवून आणलेला गर्भपात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी व अथणी या पट्ट्यातील मराठी भाषकांत ‘गोळ्या घेऊन खाली करणे’ असे याला म्हणतात. मिफेप्रिस्टोन हे औषध प्रोजेस्टेरॉन संप्रेरकाचे कार्य रोखते, त्यामुळे गर्भाशयाचे अस्तर सुटू लागते. नंतर दिलेल्या मिसोप्रोस्टॉलमुळे गर्भाशय आकुंचन पावून गर्भ बाहेर पडतो.

मिफेप्रिस्टोन 1980 च्या सुमारास फ्रान्समधील रूसेल-उक्लाफ या कंपनीत तयार झाले. त्याचे जनकत्व बहुधा एत्येन-एमिल बोल्यू यांना दिले जाते. प्रत्यक्ष रेणू मात्र झॉर्झ ट्यूत्श व त्यांच्या सहकारी रसायनज्ञांनी घडवला. तेव्हा श्रेय विभागून देणेच अधिक रास्त दिसते. मिसोप्रोस्टॉल 1973 मध्ये जठरव्रणावरील औषध म्हणून निर्माण झाले. त्याचा हा दुसरा उपयोग 1980 नंतरच्या दशकात ब्राझीलमधील सामान्य स्त्रियांनी हेरला, वैद्यकाने तो मागाहून स्वीकारला, हे मत आता बहुतेकांना मान्य आहे.

भारतात मिफेप्रिस्टोनला 2002 मध्ये परवानगी मिळाली, ती 49 दिवसांपर्यंतच्या गर्भासाठी. गर्भपात कायद्याच्या 2003 च्या नियमांनीही सात आठवड्यांचीच मर्यादा घातली. पुढे 2008 मध्ये दोन्ही औषधांच्या एकत्रित पाकिटाला 63 दिवसांपर्यंत मान्यता मिळाली, पण नियम तसेच राहिले. परिणामी औषध परवान्यात एक आकडा आणि नियमांत दुसरा, अशी विसंगती 2021 च्या दुरुस्तीपर्यंत टिकली. आता दोन्हीकडे नऊ आठवडे आहेत. हे दिवस शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, संबंधाच्या किंवा पाळी चुकल्याच्या दिवसापासून नव्हे. पाळी चुकल्याचे ध्यानात येईपर्यंत म्हणूनच सुमारे चार आठवडे खर्ची पडलेले असतात. तारीख आठवत नसल्यास भिंतीवरच्या ‘कालनिर्णय’वर बोट फिरवत एखादी संकष्टी किंवा सौंदत्तीच्या यल्लम्माची पौर्णिमा धरून मागे मोजले जाते. हिशेबात शंका राहिल्यास सोनोग्राफी करून घेणे इष्ट.

पाकिटात मिफेप्रिस्टोनची 200 मिलिग्रॅमची एक आणि मिसोप्रोस्टॉलच्या 200 मायक्रोग्रॅमच्या चार गोळ्या असतात. पहिली गोळी गिळल्यानंतर एक ते दोन दिवसांनी उरलेल्या चार जिभेखाली, गालात किंवा योनिमार्गे देतात. पोटात कळा येऊन रक्तस्राव होतो व तो पुढे कमी होत एक-दोन आठवडे चालतो. सुमारे 95 टक्के वा त्याहून अधिक स्त्रियांत गर्भपात पूर्ण होतो. इतरांना पिशवी साफ करून घ्यावी लागते. गर्भाशयाबाहेरील गर्भावर या गोळ्यांचा उपयोग होत नाही, आणि तो फुटल्यास जीव धोक्यात येतो. तीव्र रक्तक्षय, रक्त न गोठण्याचे विकार व दीर्घकाळ स्टेरॉइडचे सेवन असता ही पद्धत टाळतात. तांबी असल्यास ती आधी काढतात. तासाला दोन मोठे पॅड भिजणे सलग दोन तास चालले, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

1956 च्या राज्यपुनर्रचनेने हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तरी गर्भपाताचा 1971 चा कायदा केंद्रीय असल्याने सीमेच्या दोन्ही बाजूंना तोच लागू आहे. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. पतीची सही कायद्याला लागत नाही. ती मागितली मात्र अनेक ठिकाणी जाते. 2021 पासून गर्भनिरोधक साधन फसल्याच्या कारणात ‘पती’ऐवजी ‘जोडीदार’ आला. स्त्रीची ओळख गुप्त ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे.

सरकारी कागदपत्रे मुख्यतः कन्नडमध्ये असतात. अथणी-कागवाडकडील रुग्ण मिरजेस, निपाणीकडील कोल्हापुरास जाण्याचा प्रघात जुना आहे. महाराष्ट्रात मात्र 2012 नंतर लिंगनिवडीविरुद्ध कारवाई वाढली आणि अनेक मेडिकलवाले हे पाकीट ठेवीनासे झाले. वस्तुतः नऊ आठवड्यांच्या आत सोनोग्राफीने लिंग कळत नाही, त्यामुळे या गोळ्यांवरचा रोष अस्थानी होता. कागवाडलगतच्या म्हैसाळ येथे 2017 मध्ये पुरलेली 19 अर्भके सापडल्यावर संशयाचे वातावरण आणखी गडद झाले.

पपई, तीळ आदी ‘उष्ण’ पदार्थ खाऊन पाळी आणण्याचे घरगुती उपाय अजून ऐकू येतात. त्यांवर विसंबता येत नाही.

बेळगाव जिल्ह्याचे नाव वैद्यकीय वाङ्मयात आले ते मिसोप्रोस्टॉलच्या वेगळ्याच उपयोगामुळे. येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या सहभागाने ग्रामीण भागातील 1,620 बाळंतिणींवर झालेल्या आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, परिचारिकांनी प्रसूतीनंतर तोंडावाटे दिलेल्या 600 मायक्रोग्रॅम मात्रेने अतिरक्तस्रावाचे प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आले.