हिशेब फुकट, मग पैसा येतो कुठून?

खर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या ॲपांचा बाजार समजून घ्यायचा असेल, तर अमेरिकेतल्या ‘मिंट’पासून सुरुवात करावी. ॲरन पॅट्झरने २००७ मध्ये ते सुरू केलं. बँकेचं लॉगिन एकदा दिलं की मिंट योडली या मध्यस्थ सेवेमार्फत खात्यातले व्यवहार स्वतःच उचलायचं आणि किराणा, भाडं, हॉटेल असे कप्पे पाडायचं. तेही फुकट. इन्ट्युटकडे तेव्हा क्विकन हे हिशेबाचं विकतचं सॉफ्टवेअर होतं, तरी २००९ मध्ये या कंपनीने मिंटसाठी १७ कोटी डॉलर मोजले. मार्च २०२४ मध्ये मात्र तिने ते बंद केलं.

लोकांना नकोसं झालं म्हणून नव्हे. ते बंद होणार म्हटल्यावर वापरणारे हळहळले, पर्याय शोधत धावले. माझ्या मते दुखणं कमाईच्या रचनेतच होतं. मिंटला पैसे मिळायचे ते मुख्यतः जाहिरातींतून आणि कुणी ॲपमधून क्रेडिट कार्डासारखी एखादी सेवा घेतली की मिळणाऱ्या कमिशनमधून. आता विचार करा: जो माणूस नेमाने हिशेब ठेवतो, तो सहसा नवं कर्ज टाळतो. म्हणजे ॲपचा खरा उपयोग ज्याला झाला, त्याच्याकडून कंपनीला सर्वांत कमी मिळणार. शिवाय हजारो बँकांशी जोडणी टिकवण्याचा खर्च चालूच. इन्ट्युटने क्रेडिट कर्मा सातशे कोटी डॉलरहून अधिक किमतीला घेतली होती. ती क्रेडिट स्कोअर फुकट दाखवते आणि त्यावरून कार्डं, कर्जं सुचवते. मिंटच्या ग्राहकांना तिकडेच वळवण्यात आलं.

उलट वायनॅब हे ॲप वर्षाला शंभर डॉलरच्या आसपास वर्गणी घेतं आणि टिकून आहे. वर्गणी भरणाराच तिथे खरा ग्राहक असतो. आपल्याकडे हिशेबासाठी एवढे पैसे मोजणारे फार थोडे.

भारतात या ॲपांनी वाट वेगळी काढली, आणि ती मला फार कल्पक वाटते. बँकेचा पासवर्ड मागायचाच नाही, फोनमधले एसएमएस वाचायचे. कार्ड वापरलं की बँकेचा संदेश येतो आणि त्याची भाषा ठरीव असते. ‘डेबिटेड’ हा शब्द, त्याच्या आसपास रक्कम, खात्याचे शेवटचे आकडे, दुकानाचं नाव. पाठवणाऱ्याच्या जागी बँकेचा ठरलेला संकेत असतो. प्रत्येक बँकेच्या संदेशाचा साचा एकदा लिहून ठेवला की प्रोग्रॅम रक्कम अचूक वेचतो. २०१४ च्या सुमारास आलेलं ‘वॉलनट’ याच तंत्रावर चाललं.

पण साचा चुकतोही. स्वतःच्याच दुसऱ्या खात्यात पाठवलेले पैसे खर्च म्हणून मोजले जातात. भाजीवाल्याला यूपीआयने पैसे दिले तर संदेशात बऱ्याचदा त्याचं स्वतःचं नाव येतं. ती भाजी होती की मित्राची उसनवारी, हे प्रोग्रॅमला कसं कळणार? त्यात बँकेने साचा बदलला की नियम पुन्हा लिहा. जून २०२४ पासून एचडीएफसी बँकेने यूपीआयने पाठवलेल्या १०० रुपयांपर्यंतच्या रकमेचे एसएमएस बंद केले. चहा, रिक्षा, कोथिंबीर अशा किरकोळ खर्चांचा मागच पुसला गेला, आणि महिनाअखेरीला चकवतात ते नेमके हेच खर्च.

वॉलनट २०१८ मध्ये कॅपिटल फ्लोटने घेतलं. ही कर्ज देणारी कंपनी. पगार कधी जमा होतो, हप्ते किती जातात, महिन्याच्या शेवटी खात्यात काय उरतं, हे ज्याला दिसतं त्याला कर्ज कुणाला द्यावं याचा अंदाज बांधता येतो. हिशेबाच्या वहीपेक्षा ही माहिती बाजारात कितीतरी महाग आहे.

आता तिसरा मार्गही खुला झाला आहे: अकाउंट ॲग्रिगेटर, म्हणजे तुमच्या संमतीने बँकेतली माहिती ॲपपर्यंत पोचवणारी मध्यस्थ कंपनी. रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये त्याचे नियम केले, सप्टेंबर २०२१ मध्ये व्यवस्था प्रत्यक्ष सुरू झाली. यात माहिती बँकेकडून कुलूपबंद सांकेतिक रूपात जाते, आणि मधला ॲग्रिगेटर ती वाचू शकत नाही. कोणती माहिती, कशासाठी, किती काळ, हे संमतीपत्रात लिहिलेलं असतं. उद्देशाच्या रकान्यात ‘खर्चाचा आढावा’ आहे की ‘कर्जाची पात्रता’, हे संमती देण्याआधी वाचावं. नको वाटल्यास दिलेली संमती ॲग्रिगेटरच्या ॲपमधून मागेही घेता येते.