सॉल्ट बेल्टमधील गाडीची हिवाळी निगा

हिवाळ्यात रस्त्यावर टाकल्या जाणाऱ्या मिठापासून मोटारगाडीचा पत्रा, चासी आणि ब्रेकच्या नळ्या वाचवण्यासाठी केलेली धुलाई आणि लेपन. अमेरिकेचा ईशान्य भाग, पंचमहासरोवरांभोवतीची राज्ये आणि पूर्व कॅनडा या पट्ट्याला तिथले लोक ‘सॉल्ट बेल्ट’ म्हणतात. डेट्रॉइट, शिकागो, टोरांटो ही मराठी माणसांच्या ओळखीची शहरे याच पट्ट्यात येतात. भारतात गाडी धुवायची ती धूळ आणि चिखल काढायला, ती दिसायला छान हवी म्हणून. इथे जानेवारीत धुवायची ती मीठ काढायला, आणि जो भाग सर्वांत जपायचा तो उभ्या माणसाला दिसतही नाही.

रस्त्यावरचे मीठ

न्यू हॅम्पशायर राज्याने 1938 मध्ये रस्त्यांवर मीठ टाकण्याचा प्रयोग केला आणि 1941–42 च्या हिवाळ्यापासून ते धोरण म्हणूनच स्वीकारले. महायुद्धानंतर महामार्ग वाढले, गाड्या वाढल्या, आणि बर्फ पडला तरी रस्ता काळाभोर दिसलाच पाहिजे अशी लोकांची अपेक्षा झाली. आज एकट्या अमेरिकेत वर्षाला सुमारे 2 कोटी टन मीठ रस्त्यांवर पडते. हे जेवणातलेच सोडियम क्लोराइड, फक्त खाणीतले आणि जाडेभरडे. ऑन्टॅरिओतील गॉडरिच गावाजवळ ह्यूरॉन सरोवराच्या तळाखाली सुमारे 550 मीटर खोल मिठाची खाण आहे. ती जगातली सर्वांत मोठी भूमिगत मीठखाण मानली जाते. डेट्रॉइट शहराच्या पोटातही सुमारे 365 मीटर खोल अशीच खाण आहे. ज्या शहराने जगाला मोटारी दिल्या, त्याच्याच पायाखाली त्या मोटारींचा पत्रा खाणारे मीठ पसरलेले आहे, हा योगायोग विसरता येण्यासारखा नाही.

मिठाने पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो. 23 टक्के मिठाचे पाणी उणे 21 अंश सेल्सियसपर्यंत गोठत नाही, पण रस्त्यावर साधे मीठ उणे 9 अंशांच्या आसपासच थकते. म्हणून कडाक्याच्या थंडीत त्यात कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड मिसळतात. काही ठिकाणी मीठ रस्त्याला चिकटून राहावे म्हणून साखरबीटाचा रसही घालतात. चिकटण्याचा हा गुण रस्त्याच्या फायद्याचा, पण गाडीच्या मुळावर येणारा.

पत्रा कसा सडतो

लोखंड गंजायला पाणी आणि हवा पुरेशी असते. मीठ विरघळले की त्या पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंजण्याची विद्युत-रासायनिक क्रिया कित्येक पटींनी वेगावते. शिवाय क्लोराइडचे आयन धातूवरचा संरक्षक पापुद्रा फोडतात. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे तो रंगाच्या खालून वर रेटतो. चाकाच्या कमानीवर आधी वाटाण्याएवढा फोड दिसतो. बोटाने दाबला तर तो करकरतो. फोड दिसला तेव्हा आतला पत्रा बहुतेक वेळा निम्मा गेलेला असतो, कारण हा गंज आतून बाहेर येतो.

रत्नागिरी-मालवणकडच्या माणसाला हे नवे नाही. खिडकीचे गज आणि पन्हळी पत्रे खाऱ्या वाऱ्याने कसे खाल्ले जातात ते त्याने पाहिलेले असते. रसायन तेच. फरक इतकाच की कोकणात मीठ वाऱ्याबरोबर हलके येऊन बसते, तर इथे धावत्या चाकांनी ते खालून फवारल्यासारखे सांध्यासांध्यांत मारले जाते.

एक गोष्ट मात्र नवख्याला उलटी वाटते. कडाक्याच्या थंडीत गंजण्याची क्रिया मंदावते. खरे नुकसान ऊब आल्यावर होते. म्हणजे मीठ-चिखलाने लडबडलेली गाडी रोज रात्री गरम गॅरेजमध्ये ठेवणे हे तिचे लाड नव्हेत, तिच्यावरचा अन्यायच आहे. बाहेर गोठून पडलेले मीठ आत ओले होते आणि रात्रभर काम करते. गॅरेजात घ्यायची तर आधी धुऊन घ्यावी. मॅग्नेशियम क्लोराइड तर हवेत 33 टक्क्यांच्या आसपास सापेक्ष आर्द्रता असली तरी ओलावा ओढून घेते, त्यामुळे रस्ता कोरडा दिसत असतानाही गाडीच्या पोटाखालचा थर ओलाच असू शकतो.

हा प्रश्न फक्त दिसण्याचा नाही. जुन्या गाड्यांच्या ब्रेकच्या पोलादी नळ्या गंजून फुटल्याच्या तक्रारींची दीर्घ चौकशी झाल्यावर अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने 2015 मध्ये मालकांना उघड सल्ला दिला: हिवाळाभर गाडीचे पोट धूत जा आणि नळ्या तपासून घ्या.

हिवाळ्याआधी

निम्मे काम ऑक्टोबरातच होते. गाडी स्वच्छ धुऊन, रंगात रुतलेले कण क्ले बारने (मातीसारख्या मऊ, चिकट वडीने) उचलून त्यावर मेण किंवा कृत्रिम सीलंट, म्हणजे रंगावर बसणारा रासायनिक संरक्षक थर, चढवतात. कार्नोबा या ताडाच्या पानांपासून मिळणाऱ्या मेणाची चमक सुंदर, पण थंडीच्या माऱ्यात सीलंट जास्त टिकतो. खडी उडून रंगाचा टवका गेला असेल तर तिथे टचअप लावायचे. उघडा पत्रा हिवाळ्यात नेऊ नये.

पोटाखाली काय लावावे यावर वाद फार आहेत. रबरासारखा घट्ट बसणारा काळा थर नव्या गाडीवर ठीक; पण जुन्या गाडीवर त्याला तडा गेला की मीठपाणी आत अडकते आणि वरून सारे झकास दिसत असताना खाली पत्रा सडत राहतो. लोकरीतल्या चरबीपासून, म्हणजे लॅनोलिनपासून केलेले किंवा दुसरे पातळ तेल दर शरद ऋतूत फवारून घेणे जास्त भरवशाचे. ते सांध्यांत झिरपते. दोन-तीन दिवस गळतेही, त्यामुळे ड्राइव्हवेवर, म्हणजे घरापुढच्या गाडी लावायच्या वाटेवर, पुठ्ठा अंथरावा. कारखान्यातून येणारे संरक्षण आता खूप सुधारले आहे: 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅथोडिक विद्युत-लेपनाचा प्रायमर (विजेच्या साहाय्याने पत्र्यावर बसवलेला रंगाखालचा पहिला थर) आला, पाठोपाठ जस्त चढवलेला पत्रा सर्रास झाला. तरी चासी, सस्पेन्शन आणि नळ्यांना ते कवच तितके मिळत नाही.

धुण्याची रीत

आठ-दहा दिवसांतून एकदा, आणि बर्फवादळ होऊन रस्ते सुकल्यावर लगेच, असा साधारण क्रम असतो. तापमान शून्याच्या थोडे वर असलेला दिवस निवडावा आणि सकाळी धुवावे, म्हणजे रात्रीची थंडी पडायच्या आत गाडी वाळते. उकळते पाणी काचेवर कधीही ओतू नये; थंड काच तडकते.

नाणी टाकून चालणाऱ्या धुलाई केंद्रात प्रेशरची नळी हाती मिळते, ती या कामाला उत्तम. आधी पोट, मग चाकांच्या कमानींची आतली बाजू, शेवटी वरचा भाग. तिथे टांगलेला ब्रश मात्र गाडीला लावू नये. आपल्या आधी कुणाच्या ट्रकचा वाळूमिश्रित चिखल त्याने काढला असेल सांगता येत नाही. स्वयंचलित केंद्रात जायचे तर ब्रश नसलेले, खालून फवारा असलेले निवडावे, आणि पोटाखाली ताजे पाणी मारतात की फिरवून वापरलेले हे विचारून घ्यावे. फिरवून वापरलेल्या पाण्यात मीठ उरलेले असू शकते.

दरवाजाच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी बारीक खाचा असतात. खाली वाकून कडेवरून बोट फिरवले तर त्या लागतात. हिवाळ्यात त्या वाळू आणि मिठाच्या करड्या लगद्याने बुजतात. मग दारात उतरलेले पाणी दारातच राहते. लाकडी दातकोरण्याने त्या मोकळ्या केल्या की आतून पाण्याची बारीक धार बाहेर पडते. दोन मिनिटांचे हे काम महागड्या लेपापेक्षा जास्त मोलाचे आहे.

धुतल्यावर दारांची रबरे कोरडी पुसून त्यांना सिलिकॉन लावतात, नाहीतर दार गोठून चिकटते आणि ओढताना रबर फाटते. निघताना हळू वेगात चार-पाच वेळा ब्रेक दाबून ते सुकवायचे. हाताने रंगावरचा बर्फ झाडायला फोमचा ब्रश. खरवडणी फक्त काचेसाठी.

आत कडा उचललेली रबरी मॅट हवी. बुटांबरोबर आलेले मीठ गालिच्यात उतरून पांढरे डाग पडतात. ते कोमट पाणी आणि व्हिनेगर समप्रमाणात घेऊन निघतात.

जुनी गाडी घेताना

पुण्या-मुंबईहून नव्याने गेलेले कुटुंब पहिल्या वर्षी बहुधा जुनी गाडी घेते, आणि तिथेच फसण्याची शक्यता जास्त. बॉनेट आणि सीटा पाहून भाव ठरवू नये. गाडी लिफ्टवर चढवून दाराखालची रॉकर पॅनेल, मागच्या कमानी आणि ब्रेकच्या नळ्या पाहाव्यात. पोटाला नुकताच काळा रंग मारलेला दिसला तर खाली काय झाकले आहे हे मेकॅनिककडून ठोकून बघावे. दक्षिणेकडच्या राज्यांत चाललेली गाडी म्हणूनच जास्त किमतीला जाते.

हिवाळा सरताना

एप्रिलच्या पावसाने रस्त्यावरचे मीठ वाहून गेले की शेवटची मोठी धुलाई करतात, कारण यापुढची ऊबच गाडीत उरलेल्या मिठाला कामाला लावते. ज्यांच्याकडे प्रेशरचे यंत्र नाही ते हिरवळीला पाणी घालायचा स्प्रिंकलर गाडीखाली सरकवतात आणि दर दहा मिनिटांनी जरा पुढे ढकलतात. सुरुवातीला ड्राइव्हवेवरून करडे, गढूळ पाणी वाहत येते. ते नितळ होईपर्यंत नळ चालू ठेवायचा.